पहिल्या पानावरची पागडी

मुंबईसारख्या शहरात मोक्याच्या रस्त्यावरचा दुकानाचा गाळा हाती यावयाचा तर भाड्याखेरीज पागडी मोजावी लागते, ही गोष्ट दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाची आहे. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने या प्रथेला बळ दिले हे खरे. पण तिचे मूळ जागेच्या दुर्मिळतेत आहे. पागडी ही दुकानातील मालाची किंमत नव्हे. रस्त्याने जाणाऱ्याची नजर जेथे प्रथम पडते त्या चार-सहा गाळ्यांचे ते मोल असते. गल्लीच्या आत, जिन्याखाली बसलेल्या दुकानदाराचा माल कितीही चोख असला तरी त्याच्या गाळ्याला ते येत नाही.

इंटरनेटच्या जगात जागेला तोटा नाही. नवे पान उघडण्याचा खर्च नगण्य आहे आणि कोट्यवधी पाने तेथे आधीच पडून आहेत. अशा जगात पागडीची प्रथा रुजण्याचे कारण काय, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडावा. त्याचे उत्तर हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच सूचित करून ठेवले आहे. माहिती विपुल झाली की ती ज्या गोष्टीचा फडशा पाडते त्या गोष्टीची, म्हणजे माणसाच्या अवधानाची, टंचाई होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाने अमर्याद असली तरी पाहणाऱ्याचे डोळे दोनच असतात आणि त्याला घाई असते.

ही टंचाई किती तीव्र आहे याचा एक पुरावा २००६ साली अनपेक्षितपणे बाहेर आला. एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी केलेल्या शोधांच्या नोंदी संशोधकांसाठी म्हणून खुल्या केल्या. त्यांतून व्यक्तींची खाजगी माहिती उघड होते असा गहजब झाल्यावर त्या मागेही घेतल्या. पण तोवर अभ्यासकांनी त्यांची छाननी केली होती. निकालांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या पानाला सुमारे ४२ टक्के भेटी मिळत होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाला जेमतेम १२ टक्के. पहिल्या पानावरचे दहा निकाल संपले की पुढे जाणारे विरळच. पहिल्या व दुसऱ्या दुकानाच्या मालात उणे-अधिक फारसे नसताना गिऱ्हाइकांत एवढी तफावत पडत असेल तर त्या पहिल्या जागेसाठी माणसे काय करतील, हे सांगावयास नको.

या जागा मिळवून देण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा नुसते ‘एसईओ’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्याविषयी दोन गैरसमज प्रथमच दूर केलेले बरे. तो व्यवसाय सरसकट लबाडीचा आहे हा एक. दुसरा असा की शोधयंत्राच्या मालकाला पैसे दिले की निकालात वरचा क्रमांक मिळतो. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि ती जाहिरात आहे असे तिच्यावर लिहिलेले असणे अपेक्षित असते. तसे ते स्पष्टपणे लिहावे म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २००२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये शोधयंत्रांच्या कंपन्यांना पत्रे लिहावी लागली, हा भाग वेगळा. जाहिरातींखाली जी यादी येते तिच्यातील क्रमांक मालकाकडून विकत मिळत नाही. मग पागडी कोणाच्या हाती पडते? त्या क्रमांकासाठी लागणारे पुरावे तयार करून देणाऱ्याच्या.

हे पुरावे कसले, हे समजण्यासाठी शोधयंत्र काय करते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. त्याचे यांत्रिक वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने अखंड हिंडत असतात. जे वाचले त्याची ते सूची करतात. एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी, परंतु अजस्र. कोणी शब्द टंकित केला की त्या सूचीतून लाखो पाने हाती येतात. येथवरचे काम हमालीचे आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: या लाखांतून वर कोणाला बसवावयाचे?

१९९५ साली ऑल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र आले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः पानावरच्या मजकुरात शोधले जाई. ज्या पानावर तो शब्द ठळकपणे आणि वारंवार आला ते पान त्या विषयाचे, असे गृहीत धरले जाई. गृहीत वावगे नव्हते, पण लोकांना ते कळताच त्याचा उपयोग संपला. पानाच्या तळाशी तोच शब्द शेकडो वेळा लिहिण्यात येऊ लागला. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत! यंत्राला दिसावे आणि माणसाला दिसू नये, असा हा मजकूर होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या दोघांनी १९९८ साली निराळा मार्ग सुचविला. पान स्वतःविषयी काय म्हणते ते बाजूला ठेवावे आणि इतर पाने त्याच्याविषयी काय म्हणतात ते पाहावे. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला की ती त्या दुसऱ्याच्या बाजूने एक साक्ष मानावी; आणि ज्याच्या स्वतःच्या बाजूने पुष्कळ साक्षी आहेत त्याची साक्ष अधिक वजनाची धरावी. ही कल्पना ग्रंथालयांतून आलेली होती. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढून कोणत्या शास्त्रीय लेखाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला याची मोजणी सुरू केली होती. विद्वानाची थोरवी त्याच्या स्वतःच्या प्रस्तावनेवरून ठरवू नये, इतरांच्या तळटीपांवरून ठरवावी, हे तत्त्व ब्रिन व पेज यांनी संकेतस्थळांना लावले. त्यातून गूगल निर्माण झाले आणि काही वर्षे निकालांचा दर्जा इतका सुधारला की लोकांना ती जादू वाटली.

या जादूत एक उणीव होती. तळटीप देणाऱ्याला ती देण्याबद्दल काही मिळत नव्हते, म्हणून त्या तळटीपेला मोल होते. तिच्यावर क्रमांक, आणि क्रमांकावर पैसा अवलंबून राहू लागताच तळटीपांचा कारखाना निघणे अटळ होते. भारतातील प्राध्यापकवर्गाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी बढतीसाठी प्रसिद्ध निबंधांना गुण ठरवून दिले. त्यानंतर पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे असे पीक आले की मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. संशोधन मोजण्यासाठी माप आले आणि ज्यांना मापले जात होते त्यांनी मापाबरहुकूम वस्तू तयार केल्या. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता: नियंत्रणासाठी म्हणून एखाद्या आकड्यावर भार टाकला की त्या आकड्यातील पूर्वीची नियमितता ढासळते. गुडहार्ट यांच्या नियमाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक मध्यवर्ती बँकांनी दिले नाही. ते शोधयंत्रांनी दिले.

एका प्रसंगातून हे चांगले दिसते. २०१० च्या अखेरीस, नाताळच्या खरेदीच्या ऐन दिवसांत, अमेरिकेत ‘ड्रेसेस’ असा शब्द शोधला तरी, ‘बेडिंग’ असा शोधला तरी, ‘एरिया रग्ज’ असा शोधला तरी पहिल्या क्रमांकावर जेसीपेनी या एकाच जुन्या दुकानसाखळीचे नाव येत होते. त्या त्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेली दुकाने खाली आणि हे वर. एवढेच काय, विशिष्ट कंपनीच्या प्रवासी बॅगा शोधल्या तरी त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या वर जेसीपेनी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका जाणकाराकडून याचा माग काढविला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये वृत्तान्त छापला. ‘ईव्हनिंग ड्रेसेस’, ‘कॅज्युअल ड्रेसेस’ यांसारख्या शब्दांवर जेसीपेनीच्या कपड्यांच्या पानाकडे दुवा देणारी २,०१५ पाने सापडली. ती पाने कशाविषयीची होती? आजार, मोटारी, कुत्री, घोरणे, न्हाणीघरातील फरशा, दंतवैद्य! कित्येक पाने ओसाड होती. त्यांच्यावर दुव्यांखेरीज काही नव्हते. दातांच्या दुखण्याविषयीच्या पानाने संध्याकाळी घालावयाच्या झग्याची शिफारस का करावी, हा प्रश्न माणसाला क्षणात पडला असता. यंत्राने फक्त साक्षी मोजल्या.

वृत्तपत्राने विचारणा करताच गूगलने हाताने कारवाई केली. एका बुधवारी सायंकाळी सात वाजता त्या प्रवासी बॅगांसाठी जेसीपेनी पहिल्या क्रमांकावर होते. दोन तासांनी ते ७१ व्या क्रमांकावर गेले होते. दिवाणखान्याच्या फर्निचरमध्ये पहिल्यावरून ६८ वर. दुकानसाखळीने आपल्याला या दुव्यांची काही कल्पना नव्हती असे सांगितले आणि क्रमांकाचे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला रजा दिली. या प्रकरणात नीतीपेक्षा हिशेब अधिक उद्बोधक आहे. ऐन हंगामाचे सगळे महिने पहिल्या जागेवर बसून झाल्यावर शिक्षा झाली. ज्या छोट्या दुकानदारांना त्या हंगामात खालच्या क्रमांकांवर ढकलले गेले, त्यांचे गिऱ्हाईक त्यांना कोणी परत आणून दिले नाही. शिवाय हे उघडकीस आले ते एका मोठ्या वृत्तपत्राला त्यात रस वाटला म्हणून. ज्यांची चौकशी करावी असे कोणालाच वाटत नाही अशा हजारो क्षेत्रांत काय चालत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने बांधावा.

त्याच सुमारास आणखी एक प्रकार उजेडात आला. न्यूयॉर्कमधील चष्मे विकणारा एक इसम गिऱ्हाइकांना शिवीगाळ व दमदाटी करीत असे, आणि तेवढ्याने त्याच्या धंद्याला बरकत येते असा त्याचा दावा होता. चिडलेली गिऱ्हाइके तक्रारींच्या संकेतस्थळांवर त्याच्या नावासकट लिहीत. त्या संकेतस्थळांवरून त्याच्याकडे लक्ष आणि दुवे जात. आणि यंत्राला शिफारस व शिमगा यांतला फरक कळत नसल्यामुळे आपला क्रमांक वर चढतो, असे तो उघडपणे सांगे. डिसेंबर २०१० च्या पहिल्याच दिवशी गूगलने आपल्या पद्धतीत दुरुस्ती केल्याचे जाहीर केले. त्या इसमाला पुढे न्यायालयाने तुरुंगात धाडले, पण शिक्षा झाली ती धमक्या आणि फसवणुकीबद्दल.

अशा दुरुस्त्यांचा इतिहास म्हणजे चोर-शिपायांचा पाठशिवणीचा खेळ आहे. लोक दुसऱ्यांच्या अनुदिन्यांखाली अभिप्रायाच्या जागी दुवे पेरू लागले म्हणून २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘ही शिफारस समजू नये’ अशी खूण दुव्याला जोडण्याची सोय केली. मजकुराचे कारखाने निघाले, म्हणजे लोक काय शोधतात ते आधी पाहून त्या प्रत्येक प्रश्नावर अल्प मोबदल्यात दोन परिच्छेद लिहून घेणाऱ्या कंपन्या. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाची दुरुस्ती आली आणि अमेरिकेतील जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल एका फटक्यात बदलले. विकत घेतलेल्या दुव्यांसाठी एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आली. नावे गोजिरवाणी आहेत. परंतु ज्या माणसाचा चरितार्थ पहिल्या पानावर अवलंबून आहे तो एका सकाळी उठतो आणि आपले दुकान रात्रीतून तिसऱ्या गल्लीत गेलेले पाहतो. कोणत्या नियमाने, हे त्याला कोणी नेमके सांगत नाही.

सांगता येत नाही, अशी शोधयंत्राची बाजू आहे, आणि ती टाकाऊ नाही. नियम जाहीर केले की त्यांच्या बरहुकूम खोटा माल तयार होतो. परीक्षेत कोणते प्रश्न येणार हे आधीच फळ्यावर लिहून ठेवणारा परीक्षक काय तपासणार? म्हणून क्रमांक ठरविणारी गणनपद्धती गुप्त राहते. २०२४ च्या मे महिन्यात गूगलची अडीच हजारांवर पानांची अंतर्गत तांत्रिक कागदपत्रे चुकून बाहेर पडली तेव्हा कशाकशाची नोंद ठेवली जाते हे समजले; त्यातील कशाला किती भार दिला जातो, हे मात्र त्यांवरूनही कळले नाही. गुप्ततेचा हा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. नियम गुप्त ठेवणाऱ्या परीक्षकाचा स्वतःचा मुलगा त्या परीक्षेला बसलेला नसावा, एवढी अपेक्षा तरी रास्त म्हणावी लागेल.

येथे मुलगा बसलेला आहे. गूगल निकालांचा क्रम लावते आणि त्याच पटावर जाहिराती विकते. विमानांची तिकिटे, वस्तूंच्या किमतींची तुलना, नकाशे अशा सेवाही चालविते. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये स्वतःच्या खरेदी-सेवेला निकालात झुकते माप दिल्याबद्दल २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. भारतातही स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला; त्यावर पुढे अपील झाले. त्या तक्रारदारांपैकी एक विवाह जुळविणारी भारतीय कंपनी होती आणि दुसरी ग्राहकहितासाठी काम करणारी संस्था, आणि आयोगाने बोट ठेवलेल्या बाबींत कंपनीच्या स्वतःच्या विमानप्रवासाच्या चौकोनाला ठळक जागा देण्याची बाब होती. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारपेठेत गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवून धरल्याचा निर्णय दिला. फोनवर व ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते, हे त्या खटल्यात बाहेर आले. पागडी मागणारा मालकसुद्धा दुसऱ्याला पागडी देतो, असा हा देखावा आहे. सप्टेंबर २०२५ मधील उपाययोजनेच्या निकालात न्यायालयाने कंपनीचे तुकडे करण्याचे टाळले. एकमेव हक्काचे करार करण्यास मनाई केली आणि प्रतिस्पर्ध्यांना काही माहिती देण्यास सांगितले.

यात नवल असे की या सर्वांचा इशारा संस्थापकांनीच देऊन ठेवला होता. १९९८ च्या त्याच निबंधाच्या परिशिष्टात ब्रिन व पेज यांनी, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकांच्या गरजेपासून दूर जाईल, असा अभिप्राय नोंदविला आहे. दोन वर्षांनी, २००० साली, त्यांच्या कंपनीने जाहिराती विकण्यास प्रारंभ केला.

या सगळ्याची किंमत कोण देतो? दुकानदार देतो ती दिसते, कारण तो ओरडतो. शोधणारा देतो ती दिसत नाही. लाइपझिग विद्यापीठ व त्याच्या सहयोगी संस्थांतील संशोधकांनी वस्तूंची परीक्षणे शोधणारे ७,३९२ प्रश्न घेऊन गूगल, बिंग व डकडकगो या तीन शोधयंत्रांवर वर्षभर नजर ठेवली आणि २०२४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. वरच्या क्रमांकांवरची पाने सरासरीने क्रमांकासाठी अधिक घडविलेली, विक्रीच्या दलालीवर अधिक अवलंबून आणि मजकुराच्या दर्जाने हलकी असल्याची चिन्हे त्यांना आढळली. दुरुस्त्यांचा परिणाम होई, पण तो अल्पकाळ टिके. हा अभ्यास वस्तूंच्या परीक्षणांपुरता होता, तो साऱ्या ज्ञानव्यवहाराला लावणे चुकीचे ठरेल. तथापि, खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकते, हा ग्रेशमच्या नावावर असलेला सिद्धान्त येथे आठवल्यावाचून राहत नाही. एखादा पंप चार महिने वापरून मग त्याविषयी लिहिणाऱ्या माणसाचा खर्च मोठा असतो. तो पंप डोळ्यांनीही न पाहता ‘सर्वोत्तम दहा पंप’ लिहिणाऱ्याचा खर्च शून्य असतो, आणि वाचलेला पैसा त्याला क्रमांकावर लावता येतो.

याहून वाईट किंमतही आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धती समजावून सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत शोधयंत्राच्या निकालांतून होणाऱ्या फसवणुकीला स्वतंत्र स्थान आहे. बँकेचा किंवा विमा कंपनीचा ग्राहक-सेवेचा क्रमांक माणूस शोधतो, वर आलेला क्रमांक खरा समजून फिरवितो आणि पलीकडच्या भामट्याला आपली खात्याची माहिती सांगून बसतो. वरचा क्रमांक म्हणजे कोणीतरी तपासून पाहिलेला, अशी त्याची समजूत असते. शाळेत पहिला आलेला मुलगा हुशार असतो, असे आयुष्यभर ऐकलेल्या समाजाची ही समजूत चटकन जाणारी नाही.

गेल्या काही वर्षांत यंत्रानेच मजकूर लिहिण्याची सोय झाल्यामुळे मजकुराच्या कारखान्याला मजुरांचीही गरज उरलेली नाही. मार्च २०२४ मध्ये गूगलने तीन गोष्टी निषिद्ध ठरविल्या: घाऊक प्रमाणावर निर्माण केलेला निरुपयोगी मजकूर, मुदत संपलेल्या जुन्या संकेतस्थळांची नावे त्यांच्या पुण्याईसाठी विकत घेणे, आणि नामांकित संकेतस्थळांनी आपल्या नावाखाली तिऱ्हाइताला पोटभाडेकरू ठेवणे. दुसरी बाब विशेष उद्वेगजनक आहे. एखादी संस्था बंद पडते, तिच्या नावाचे नूतनीकरण करावयास कोणी उरत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या प्रामाणिक कामाने जमलेल्या साक्षींचा वारसा जुगाराच्या अड्ड्याला मिळतो. तिसऱ्या बाबीवरून युरोपातील वृत्तपत्र-प्रकाशक नाराज झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याबाबत चौकशी सुरू केली. म्हणजे पोटभाडेकरूवरची कारवाई हीसुद्धा मालकाची मनमानी असू शकते, असा संशय आहेच. दरम्यान, २०२४ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत व ऑगस्टपासून भारतात गूगलने अनेक प्रश्नांना निकालांच्याही वर यंत्राने रचलेले आयते उत्तर देण्यास आरंभ केला. ज्याच्या पानावरून ते उत्तर रचले गेले त्याच्याकडे वाचक फिरकेलच असे नाही. साहजिकच आता त्या उत्तरात आपले नाव कसे यावे, हे शिकविणाऱ्यांची दुकाने उघडली आहेत.

आता त्या व्यवसायाच्या दुसऱ्या, प्रामाणिक बाजूकडे वळावयास हवे. कारण मराठी वाचकाचा खरा संबंध तिच्याशी आहे. साक्षी विकत घेणे ही एक गोष्ट. आपण जे लिहिले ते यंत्राला वाचता यावे आणि शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळावे अशी व्यवस्था ठेवणे ही निराळी. पानाला नेमके शीर्षक देणे, मजकूर अक्षररूपात ठेवणे, चित्राखाली ते कशाचे आहे हे लिहिणे, साध्या फोनवरही पान चटकन उघडेल असे पाहणे, तारीख घालणे, संबंधित पानांना एकमेकांशी जोडणे, यात कोणाची फसवणूक नाही. ग्रंथपाल पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी लावतो तितकेच ते निरुपद्रवी आहे. आणि नेमके तेच काम मराठीत दीर्घकाळ झाले नाही.

संकेतस्थळांच्या पहिल्या दशकात मराठी मजकूर ज्या टंकांत चढविला जाई त्यांत प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी होती. पडद्यावर देवनागरी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असे. युनिकोड सर्वत्र रुळेपर्यंत मराठीत जे पुष्कळसे लिहिले गेले ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेच गेले नाही. आजही सरकारी परिपत्रके व संस्थांचे अहवाल शिक्क्यासकट छायाचित्र काढून चढविण्याची सवय गेलेली नाही. कागद जसाच्या तसा ठेवला, एवढ्याने कर्तव्य संपते अशी कचेऱ्यांची भावना असते.

शब्दांचे अंतर याहून मोठे आहे. महाराष्ट्रातील शासनव्यवहार ज्याला अधिवास प्रमाणपत्र म्हणतो त्याला विद्यार्थी डोमिसाइल म्हणतो. शासनाचा ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा’ दाखला हा महाविद्यालयाच्या खिडकीवर नॉन-क्रिमीलेयर असतो. आणि फोनवर तो बहुधा रोमन अक्षरांत, जमेल त्या स्पेलिंगने टंकित होतो. ‘अधिकार अभिलेख’ असा शब्द शोधणारा शेतकरी विरळा; तो सातबाराच शोधणार. कचेरीच्या पानावर पारिभाषिक शब्द असावेत याला हरकत नाही, कायद्याला त्यांची गरज आहे. पण त्याच पानावर लोकांचा शब्द एकदाही न येणे, याला भाषाशुद्धीचे कारण देता येत नाही. जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत एखादी मुलगी दाखल्यासाठी कोणते कागद लागतात हे शोधते, तेव्हा तिने टंकित केलेला शब्द जसाच्या तसा ज्याच्या पानावर आहे तो वर येण्याची शक्यता अधिक. तो कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा मध्यस्थ असेल, जाहिरातींवर जगणारे पान असेल किंवा फसविणारा असेल. ती काय टंकित करील याचा त्या प्रत्येकाने बसून विचार केलेला असतो. ज्या कचेरीत तो दाखला मिळतो, शुल्क किती आणि मुदत किती हे जिला अधिकृतपणे माहीत आहे, तिच्या पानावर बहुधा गेल्या कोणत्या तरी वर्षाचे परिपत्रक असते, तिरपे ठेवून छायाचित्र काढलेले.